सतीशची पाच लिटरची बरणी

शुक्रवार. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितोय, गप्प राहिल्याबद्दल माफ करा.

सतीश गेला तेव्हा त्याच्या बाथरूममध्ये बिअर फसफसत होती.

आज वर्ष झालं. मी कुवेत सोडून पुण्याला आलोय आणि तो तर सुटलाच. म्हणून आता लिहिता येतं. तरी वहिनींना विचारूनच लिहितोय.

सतीश आणि मी एकाच कंपनीत होतो. ऑफिस मंगफला, मी राहायचो अबू हलीफाला, तो महबूलाला.

थोरलीची दहावी झाल्यावर वहिनी दोन्ही मुलींना घेऊन नाशिकला परतल्या. सतीश दोन बेडरूमच्या घरातून कंपनीच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये आला.

म्हणायचा, "आता सगळ्याला चारने भागायचं. डाळीला, तांदळाला, भांडणालासुद्धा."

बिअर करायला तो पूर्वी पुण्यात शिकला होता. मित्राच्या गच्चीवर, वीस लिटरच्या ड्रममध्ये. कुवेतला त्याने काचेची पाच लिटरची बरणी घेतली.

तिथे हा गुन्हा आहे. पकडलं तर केस, मग कायमचं परत. मी त्याला शंभरदा सांगितलं.

तो म्हणायचा, "ड्रम दिसला तर म्हणतील विकतो. बरणी दिसली तर लोणचं."

पहिली बॅच वाया गेली. माल्ट, पाणी, यीस्ट, सगळं त्याने बरोबर चौथाई केलं आणि ड्रमच्या हिशेबाने तासभर उकळलं. छोट्या पातेल्यातलं निम्मं पाणी उडून गेलं. उरलं ते काकवीसारखं.

पातेल्यात बघत म्हणाला, "सगळ्याला चारने भागलं रे. वाफेला भागायचं राहिलं."

वाफ चौथाई होत नाही. पातेलं लहान असलं तरी ती आपल्याच वेगाने जाते. मग तो पाणी जादा धरायला लागला. दर बॅचला थोडं कमी, थोडं जास्त. जमत नव्हतं. मला चाखायला द्यायचा आणि माझं तोंड बघून हसायचा.

शेवटची बॅच लावली तेव्हा म्हणाला, "या वेळी जमणार. तू फक्त थांब."

त्याच आठवड्यात ऑफिसात त्याच्या छातीत दुखलं. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं होतं.

मी कॉरिडॉरमध्ये उभा होतो. वहिनींचा फोन आला. त्यांना कळून अर्धा तासही झाला नसेल. आवाज अगदी सपाट होता.

"भावजी, बाथरूममध्ये बेसिनखाली बरणी आहे. ओतून टाका. पोलिसांचं काही झालं तर ते त्याला इकडे पाठवणार नाहीत."

तेवढ्यात कंपनीच्या मंदूबचाही फोन आला, म्हणजे आमची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचा. असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर तो फ्लॅटवर येणार होता. पासपोर्ट घ्यायला, सामानाची नोंद करायला, कुलूप लावायला.

सतीशची जादा किल्ली माझ्याकडेच असायची. निघालो. गाडीत सतत एकच विचार होता, मी त्याच्यासाठी घाबरलोय की स्वतःच्या इकाम्यासाठी, तिथे राहायच्या परवान्यासाठी? अजून ठरवता आलेलं नाही.

बेसिनखाली टॉवेलात गुंडाळलेली बरणी. झाकणातल्या नळीतून बुडबुडे येत होते. सावकाश, एकेक. ज्याने लावली तो शवागारात होता आणि हिचं काम चालू होतं.

जमिनीवरच्या जाळीत ओतली. हातावर उडाली ती नकळत चाटली.

हलकी. कडवट. मागून किंचित गोड.

जमली होती.

मी ओतत राहिलो.

जाळीतून फेस परत वर आला. नळ सोडला तर आणखी वर आला. वास खोलीभर झाला, आणि बेल वाजली.

दारात बिल्डिंगचा हारिस, म्हणजे आमचा राखणदार. बांगलादेशी, वयस्क. त्याने वास घेतला. माझ्या ओल्या बाह्या बघितल्या, मग बाथरूमचं उघडं दार.

मी म्हणालो, "आटा था. खराब हो गया."

तो वळून जिना उतरून गेला.

ती दोन मिनिटं मी तसाच उभा होतो. तो कोणाला आणायला गेलाय, एवढंच डोक्यात होतं.

तो परत आला तो एकटाच. हातात निखारे घातलेली धूपदाणी. त्यावर बुखूर, म्हणजे सुगंधी धूप टाकला. दाट, गोडसर धूर सगळीकडे झाला.

"मय्यत का घर है साहब. बुखूर तो जलाते हैं. मंदूब नीचे पार्किंग देख रहा है, फर्श पोंछ लो."

मी फरशी पुसली, बरणी विसळून नळी खिशात टाकली. मंदूब आला. धुराकडे बघून मान खाली घातली, दुआ पुटपुटला. मग सामान लिहायला बसला. बरणी उचलून विचारलं, हे काय.

"लोणच्याची," मी म्हणालो.

त्याने तसंच लिहिलं.

सतीश चार दिवसांनी नाशिकला पोचला. बरणी नंतर, कार्गोने, बाकीच्या सामानासोबत.

आज सकाळी वहिनींचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी तो विषय काढला.

"शेवटची जमली होती का हो?"

"जमली होती."

त्यांनी स्वयंपाकघरातलं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "ती बरणी रिकामी बघवत नाही. लिंबाचं लोणचं घालते. माझं प्रमाण छोट्या बरणीचं आहे. मीठ, तिखट, सगळं तेवढ्याच पटीत वाढवायचं ना?"

मी म्हणालो, "सगळंच पटीत नाही वाढत वहिनी. थांबा, मी सतीशला विचा…"

मग एवढंच म्हणालो, उद्या मी लिंबं घेऊन येतो.

सतीश, जमली होती रे. तुला सांगायचं राहिलं. नीट राहा.

उद्या: मंडईतून लिंबं घेऊन नाशिकला जायचं. बरणी भरेल एवढी.