ओल कापून उरलेले गुण

मलकापूरपासून लोणारपर्यंत डॉक्टर व्हायला निघालेलं असं एकही पोर नसेल, ज्याचे गुण आमच्या साडूभाऊंनी कमी केले नाहीत. माझ्या मुलीचे त्यांनी बावीस कमी केले. गेल्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तिची दुसऱ्यांदा 'नीट'ची परीक्षा झाली आणि सोमवारी सकाळी धाड गावी आमच्या ओट्यावर मी, माझी बायको, मुलगी ऋतुजा आणि साडूभाऊ असे चौघे हजर होतो. उत्तरं ताडून पाहून ऋतुजाने सातशे वीसपैकी पाचशे अठरा असा आकडा सांगितला. साडूभाऊंनी डोळे मिटले, अंगठ्यावर दोन बोटं घासली आणि म्हणाले, "चारशे शहाण्णव धर." पुढच्या महिन्यात निकाल लागला तो चारशे त्र्याण्णव. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. अंदाजाने बोलणाऱ्या माणसांचा मला मनातून कंटाळा आहे. पण या एका माणसाच्या अंदाजापुढे मी आकडेमोड बाजूला ठेवून बसत आलो आहे.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी हयात मलकापूरच्या कापूस बाजारात गेली. शेतकऱ्याची गाडी आली की कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचा, मूठ दाबून सोडायची, एखादी सरकी दाताखाली फोडून तिचा आवाज ऐकायचा आणि ओलीसाठी वजनात किती कपात धरायची ते सांगायचं, हे त्यांचं काम. धंदा सुटला, पण कपात सुटली नाही. "घरून आलेला कापूस आन् पोरानं सांगितलेले मार्क, दोन्हीत ओल राह्यतेच," असं ते म्हणतात. ही ओल सगळ्यांची सारखी नसते. पेपर सोपा गेला असं सांगणाऱ्याची जास्त. दोन प्रश्नांबद्दल शंका आहे म्हणणाऱ्याची कमी. मुलाला विचारल्यावर बापच उत्तर देऊ लागला, तर पाच गुण आणखी गेले. मुलगा बोलताना आईकडे बघत असेल तर भौतिकशास्त्राचे वेगळे कापायचे. बुलढाण्याचे एक गृहस्थ मुलाला गाडीत घालून मुद्दाम मलकापूरला आले आणि साडूभाऊंनी त्या मुलाचे चाळीस कापल्यावर समोर आलेला चहा तसाच ठेवून निघून गेले. निकाल साडूभाऊंच्या आकड्यालाच लागला. दोन वर्षांनी तेच गृहस्थ धाकटीला घेऊन आले, आणि या वेळी बाहेर उभे राहिले.

याचा अर्थ साडूभाऊ कधी चुकत नाहीत असा नाही. मोताळ्याकडच्या एका मुलाचे त्यांनी तीस कापले होते. त्याला मिळाले त्याने स्वतः सांगितल्यापेक्षा नऊ जास्त. साडूभाऊ दुसऱ्याच दिवशी एसटीने त्याच्या गावी गेले, त्याच्या आजोबांसमोर त्याची माफी मागितली, तिथेच जेवले आणि परत येताना वाटेत जो भेटेल त्याला आपली चूक सांगत आले. "एकदम कोरडं पोरगं निघालं बे! दाणा ओला नाही!" इतका आनंद मी त्यांना बरोबर ठरल्यावर झालेला पाहिलेला नाही.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरात या विद्येचा काहीच उपयोग झाला नाही. एकुलत्या मुलाने दहावीनंतर कॉमर्स घेतलं आणि तो पुण्याला निघून गेला. मेहुणीबाई म्हणतात, "घरात साधं थर्मामीटर नाही, आन् हे जगाले डॉक्टर करून राह्यले." साडूभाऊ यावर हसतात आणि फोन आला की पुन्हा कुणाची तरी ओल सांगू लागतात.

त्यांची दुसरी खोड परीक्षेच्या दिवसाची. मेच्या उन्हात बुलढाण्याच्या केंद्राबाहेर आईबाप झाडाच्या सावलीला टॉवेल अंथरून बसलेले असतात. पेपर सुटला की प्रत्येकाची नजर आपल्या लेकराला शोधते. साडूभाऊ मात्र ज्याच्यासाठी आले त्या पोराकडे चुकूनही पाहत नाहीत. ते बाकीच्यांचे चेहरे बघतात. ऋतुजाच्या पहिल्या वेळी ती हसत बाहेर आली आणि माझा जीव भांड्यात पडला. साडूभाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हे हासून राह्यली ते खरं, पण मागून येणारे सारेच हासून राह्यले ना भाऊ." त्या वर्षी गुणांचा पूर आला आणि तिचे चांगले गुण कुठल्या कुठे वाहून गेले. दुसऱ्या वेळी पेपर असा कठीण निघाला की फाटकातून पोरं रडतच बाहेर येऊ लागली. आमचीही रडत होती. मी तिची पाण्याची बाटली उघडत होतो आणि साडूभाऊंचा चेहरा लग्नघरच्या माणसासारखा फुलला होता. रडणाऱ्या प्रत्येक मुलाला ते लिंबू सरबत पाजत सुटले. एका आईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मी त्यांना ओळखत नसल्यासारखा दोन पावलं बाजूला झालो.

तिसरी खोड सगळ्यात अवघड. निकाल लागला की जिल्ह्यातली पहिल्या नंबरांतली मुलं कोण, ते साडूभाऊ शोधून काढतात आणि पेढे घेऊन त्यांच्या घरी जातात. अभिनंदन करतात आणि मग हळूच दूरच्या राज्यातल्या कॉलेजांची तारीफ सुरू करतात. तिथले दवाखाने मोठे, तिथलं पाणी हलकं, तिथे शिकलेल्याला परदेशातही मान. हेतू साधा असतो. वरचं एक मूल देशपातळीवरची जागा घेऊन बाहेर गेलं, की राज्यातली एक जागा मोकळी होते आणि खालची रांग एकाने पुढे सरकते. त्या रांगेत साडूभाऊंनी ओल कापलेलं कुणीतरी उभं असतंच. मेव्हण्यापाव्हण्यांत त्यांना 'पोरं बाहेर धाडणारे' असं नाव पडलं आहे.

गेल्या वर्षी त्या रांगेत ऋतुजा होती. तिचा हा दुसरा प्रयत्न होता. प्रवेशाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि ती एमबीबीएसच्या सरकारी जागेच्या तोंडाशी येऊन अडकली. खाजगी कॉलेजची फी मी आधीच मांडून पाहिली होती आणि तो विचार सोडून दिला होता. उरली होती तिसरी फेरी. मी याद्या काढून बसलो, तर आमच्या वर मोजकीच मुलं होती. साडूभाऊंना फोन केला. ते म्हणाले की लोणारची एक मुलगी आहे. तिला जवळच्या जिल्ह्यातलं सरकारी कॉलेज मिळालं आहे आणि दक्षिणेतल्या एका नावाजलेल्या कॉलेजातही नंबर लागतो आहे. ती अजून ठरवत नाही. ती हलली तर रांग हलते. "मी जाऊन येतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी घरात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी साडूभाऊ लोणारहून थेट धाडला आले. बायकोने पाणी पुढे केलं. तांब्या हातात घेऊन ते उभ्यानेच म्हणाले, "मी तिले इथंच राह्य म्हणलं."

मग बसल्यावर सगळं सांगितलं. लोणारच्या त्या घरचा बाप भाजीपाला पिकवतो, पहाटेच बाजाराला निघतो. आईच्या किडन्या निकामी झालेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि नेणारी ही मुलगीच. धाकटा भाऊ सातवीत. साडूभाऊंनी पेढे ठेवले, दक्षिणेतल्या कॉलेजची तारीफ सुरू केली. मुलगी शांतपणे ऐकत होती. त्यांचं बोलणं संपल्यावर तिने विचारलं की बाबा, तुम्ही इतक्या पोरांचं पाहता, मी इतक्या लांब गेले आणि आईला मधेच काही झालं, तर मला घरी पोहोचायला किती वेळ लागेल. साडूभाऊंनी गाड्यांचा हिशेब मनात केला. मलकापूरच्या स्टेशनाजवळ जन्म गेलेल्या माणसाला तो करायला वेळ लागला नाही. मग त्यांनी तिला सांगितलं की जवळच्या कॉलेजात जा, शनिवारी एसटीने घरी येता येईल, आणि तिथून शिकलेले डॉक्टरही डॉक्टरच असतात.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "जगातल्या पोरींचे मावसे झाले तुम्ही. आपल्या पोरीचे कधी होणार?" साडूभाऊंनी मान खाली घातली. एवढ्यात ऋतुजाने विचारलं, "मावसाजी, तिनं विचारलंच नसतं तं?"

"तं घरून पाठ करून गेलो होतो तेच बोलून आलो असतो."

"मंग बरं झालं विचारलं," ती म्हणाली आणि उठून त्यांच्यासाठी ताट वाढायला आत गेली. साडूभाऊ जेवले, पण नेहमीसारखं ठेच्याचं कौतुक केलं नाही.

तिसऱ्या फेरीची यादी आली. आमच्या अगदी वरच्या क्रमांकापर्यंत येऊन रांग थांबली. मी तीनदा पाहिलं. साडूभाऊंचा फोन आल्यावर मी त्यांना आकडा जसा होता तसा सांगितला. कमीजास्त करून सांगणं मला जमत नाही आणि त्यांना ते कळल्याशिवाय राहिलं नसतं. ते म्हणाले, "एकानं राह्यली ना भाऊ." मी हो म्हणालो. लोणारच्या मुलीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री मला तिचा राग आला होता, आणि मी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं.

आता प्रश्न होता, सरकारी आयुर्वेद कॉलेजात जागा मिळत होती ती घ्यायची, की तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं. माझ्या मनाने आयुर्वेद, बायकोच्या मनाने आणखी एक वर्ष. शेवटी ऋतुजा म्हणाली की मावसाजींना बोलवा. ते आले. तिने सरळ विचारलं की पुढच्या वर्षी माझे किती होतील, ओल कापून सांगा. एवढ्या वर्षांत कुणी आकडा विचारला आणि या माणसाने डोळे मिटले नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माय, झालेल्या पेपरचं सांगतो मी. तुह्यात आणखी एक वर्ष बसायची ताकद आहे का नाही, ते मले कसं दिसन? तूच पाह्य. नाही म्हणशील तं कोणी तुले कमी समजणार नाही, मी तं नाहीच."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाटातली परीक्षेची पुस्तकं काढली, गल्लीतल्या अकरावीच्या मुलीला नेऊन दिली आणि मला म्हणाली, "आयुर्वेदची फी कधी भरायची आहे?"

ऋतुजा, मी आणि साडूभाऊ असे आम्ही तिघे गेलो. साडूभाऊंना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते सकाळी स्टँडवर हजर होते, हातात ऋतुजासाठी घेतलेली बादली आणि आंघोळीचा मग. वर्षाची फी मी कॉलेजच्या खिडकीवर भरली, वसतिगृहाची दुसऱ्या इमारतीत. पावत्या तिच्या हाती दिल्या. तिने खोली दाखवली, खिडकीतून समोरचं औषधी झाडांच्या वाफ्यांचं आवार दाखवलं. साडूभाऊंनी खाटेवर तळहात दाबून पाहिला आणि गादी चांगली आहे म्हणाले. निघताना ती आमच्या दोघांच्या पाया पडली. फाटकापर्यंत आली नाही. खिडकीतूनच हात केला.

परतीच्या एसटीत साडूभाऊ खिडकीशी बसले. एरवी ते मला तिकीट काढू देत नाहीत, वयाचा मान सांगून भांडतात. त्या दिवशी त्यांनी खिशाला हात लावला नाही. कंडक्टर आला. मी सकाळच्याच हिशेबाने सांगून टाकलं, एक पूर्ण, एक ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं, एक महिलेचं अर्धं. त्याने यंत्रातून तिकिटं काढून हातात दिली, पैसे घेतले आणि मग आमच्या बाकड्याकडे पाहून विचारलं, "ताई कुठं बसल्या?"

साडूभाऊ बाहेर बघत म्हणाले, "उतरली ते." कंडक्टरला काय वाटलं कुणास ठाऊक, तो पुढे गेला.

तर त्या दिवशी एसटीला मी एक पूर्ण आणि दोन अर्ध्या तिकिटांचे पैसे दिले. प्रवासी आम्ही दोघंच होतो.