पलंगाची मधली पाटी

आजोबांनी मालगुजार जमीनदारांच्या दिवाणखान्यांसाठी कोरीव खुर्च्या, झोपाळे, देवघरं घडवली, तेव्हापासून पांढरकवड्यात आमचं दुकान राजेशाही सामानाचं म्हणून ओळखलं जाई. आम्ही स्वतः मात्र जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचो. मग मालगुजारी गेली आणि गिऱ्हाईक आटलं. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या साली जिनिंगवाल्या एका शेठजींनी लेकीच्या लग्नासाठी सागवानी पलंग सांगितला, तेव्हा बाबा हरखून गेले. त्यांची नजर मंदावत चालली होती. "बारीक काम हे शेवटचंच," असं ते मायला म्हणाले.

शेठजी जाता जाता बोलले, "उशाकडची मधली पाटी कोरी ठेवा." कोरी म्हणजे मोकळी, हे कुणालाही कळेल. पण आमच्या घरात उठता-बसता कोरकामच. बाबांनी कोरीव असं ऐकलं. उन्हाळाभर लाकडाला नाक लावून त्यांनी त्या पाटीवर मोरांची जोडी कोरली. इतके देखणे मोर मी पुन्हा पाहिले नाहीत.

पलंग न्यायला शेठजी आले, ते लेकीला आणि नागपूरहून आणलेला भला थोरला आरसा घेऊन. आरसा त्या मधल्या पाटीवर बसवायचा होता. मोर पाहून त्यांचा पारा चढला. बाबांचं तोंड एवढंसं झालं. "चूक माहीच हाय," म्हणाले आणि मोर तासून काढायला त्यांनी रंधा उचलला.

तेवढ्यात लेक पुढे झाली आणि मोरांवर तळहात ठेवून उभी राहिली. "बाबूजी, मले मोरच पाह्यजेत. आरसा राहू द्या यांच्या घरीच." सासरी निघालेल्या लेकीचं मन शेठजींनी मोडलं नाही. बाबांनी रंधा खाली ठेवला.

आरसा आम्ही भिंतीला टेकवून ठेवला. माय तोवर वीतभर फुटक्या काचेत बघून कुंकू लावायची, चेहरा कधी अख्खा दिसायचाच नाही. पदर सारखा करून ती आरशासमोर उभी राहिली. पिकल्या केसांवरून तिनं हात फिरवला.

"म्हातारी झाली न जी मी! काहून नाही सांगतलं?"

बाबा रंध्यातला भुसा झटकत होते.

"मले कदी म्हातारी दिसली असती, त सांगतलं नसतं का व?"