वंदनाची बिनविस्तवाची पाई

आमच्या वर्ध्याच्या पिपरी मेघेतल्या गल्लीत किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दुपारी कूलरसमोर तिघी-चौघी जमतो, चहा होतो, आणि उठेपर्यंत एखादा नवा किस्सा झालेला असतो. या उन्हाळ्यात मात्र सगळा पुरवठा एकटीनेच केला. माझी शेजारीण वंदना, आणि तिची ती पाई!

खाली बिस्किटांचा चुरा, वर चॉकलेटचे तुकडे घातलेलं कुकीचं कच्चं पीठ, त्यावर क्रीम. भाजायचं काहीच नाही, फ्रीजमध्ये ठेवून घट्ट होऊ द्यायचं. मोबाइलवर ते पाहिलं आणि वंदना पेटलीच.

कारण तिच्या सासूबाई, कमलाआजी. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ तिथे सोडून यायची रीत. हुशार लोक कारलं सोडून येतात. आजी मात्र सरळ बाई. त्यांनी घरात विस्तवावर केलेलं गोडच सोडलं, कारण तेच सगळ्यात जास्त आवडायचं. वंदना सून म्हणून आली ती त्यानंतर. दुकानातला पेढा आजी खायच्या, पण सुनेच्या हातची पुरणपोळी कधी त्यांच्या तोंडात गेली नाही. दर सणाला वंदनाला ते लागायचं.

"आईच्या पंच्याहत्तरीले माह्या हातचं गोड त्यायनं खाल्लंच पायजे," ती म्हणाली. झालं, ठरलं.

*

पहिला अडथळा आमच्यातल्याच रेखाने घातला. ती नर्स आहे. कच्चा मैदा या वयात पोटाला द्यायचा नाही, म्हणाली, आधी भाजून घे. पण भाजला की विस्तव आला!

दोन दिवस वंदना मोबाइलवर दुसरं पीठ शोधत होती. मग बाजारातून फुटाण्याची डाळ आणून मिक्सरमध्ये दळली. पण ही डाळही भाजलेलीच की! शेवटी प्रकरण खुद्द आजींपुढे गेलं. आजींनी हायकोर्टासारखा विचार केला.

"दुकानदारानं भाजलं तं तो त्याचा विस्तव. आपल्या घरचा नाई."

बिस्किटंही त्याच निकालात सुटली.

*

मग लोणी पातळ करायचं होतं. गॅस चालणार नव्हता, म्हणून वंदनाबाईंनी भांडं गच्चीवर ठेवलं. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन! लोणी पातळ होईल यात शंका नव्हती, पण वाऱ्याने भांडंही आडवं होईल हे कोणाच्या लक्षात आलं नाही. शेजारी रेखाच्या कुरड्या वाळत होत्या.

रेखा रागावेल असं वाटलं होतं. तिने त्या तळल्या, खाल्ल्या, आणि पुढच्या वर्षीही भांडं इथेच ठेव म्हणाली.

*

पाई काही घट्ट होईना. वंदनाचा नवरा प्रमोद थंड पाण्यासाठी सारखा फ्रीज उघडायचा. शेवटी तिने फ्रीजच्या दाराला जुनी ओढणी बांधली आणि पाण्याचा माठ त्याच्या खुर्चीजवळ नेऊन ठेवला. बिचारा आपल्याच घरात पाहुण्यासारखा वागू लागला.

पण एकदा ओढणी सुटलेली राहिली. वंदना समुद्रपूरला बहिणीकडे गेली होती. प्रमोदला फ्रीजमध्ये मळलेला गोळा दिसला. बायको दमून येईल, आपण पोळ्या टाकून ठेवू, असं त्याच्या मनात आलं. वर्षातून एकदा येतं!

संध्याकाळी वंदना आली तेव्हा तो तवा खरवडत होता. "पीठ खराब हाय का तुह्यं? काळे काळे डाग पडून राह्यले."

तिने चॉकलेटच्या त्या पोळ्या बाजूला सारल्या. पदर खोचला आणि पुन्हा डाळ दळायला बसली.

*

पंच्याहत्तरीच्या दिवशी पाई अशी सुरेख घट्ट झाली होती की सुरीने कापावी. फक्त क्रीम राहिलं होतं. ओढणी बांधायच्या गडबडीत फोडलेलं पाकीट रात्रभर बाहेरच राहिलं, क्रीम आंबलं. पाहुणे दारात. वंदनाने घरचीच साय फेटली आणि वर पसरली. हे फक्त मला माहीत होतं.

आजींपुढे ताटली आली. त्यांनी एकेक विचारलं. बिस्किटं? दुकानातली. पीठ? फुटाण्याचं. लोणी? उन्हातलं. सगळं पास झालं.

"अन् ही साय?"

पाकिटातली म्हणाली असती तर कोणाला कळलं असतं? वंदनाचे डोळे भरून आले.

"घरची हाय, आई. मीनंच सकाळी गॅसवर दूध तापवलं." आणि तिने ताटली उचलायला हात पुढे केला.

आजींनी ताटलीची कड धरून ठेवली. सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"मी काशीले गेलती तवा आपल्या घरी चूल होती," त्या म्हणाल्या. "गॅस तं तू आल्यावर आला."

आणि चमचा उचलला.