दुसरी कोप

माझ्या नवऱ्याला पहाटे चालून आल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मेलबर्नमध्ये या सवयीचा कुणाला त्रास नाही. तिथे तो घरामागच्या तळ्याभोवती फेऱ्या मारतो, घामाघूम होऊन येतो आणि आज किती चाललो ते मला सांगतो. मी ऐकल्यासारखं करते. पण त्याच सवयीने मुखेडजवळच्या आमच्या गावात माझ्या काकांच्या तोंडचं पाणी पळवलं, आणि ते आम्हाला दोघांनाही उशिराच कळलं.

डिसेंबरात लेकीच्या शाळेला सुट्टी होती आणि त्याच सुट्टीत येळवस येत होती, म्हणून आम्ही निघालो. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. इकडच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावंच्या गावं घरांना कुलपं लावून शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी झोपडी करायची, वरून शाल बांधायची, तिला कोप म्हणतात. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे. ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि मग शेंगांच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील यांवर आडवा हात मारायचा. बाबा नोकरीसाठी नांदेडला राहिले तरी त्यांनी येळवस कधी चुकवली नाही. ते गेल्यानंतर मी पहिल्यांदाच शेतावर जाणार होते.

शेत दोघा भावांचं. वाटणी कधी झालीच नाही. काकांनी कसायचं, बाबांच्या घरी ज्वारी, तूर, हरभरा यायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मी एकुलती एक, त्यामुळे बाबांच्या मागे सात-बाऱ्यावर माझं नाव लागलं. मेलबर्नमध्ये बसून मी त्या कागदाचा फोटो पाहिला, 'बरं' म्हटलं आणि विसरून गेले.

हैदराबादला उतरून देगलूरमार्गे आम्ही गावी पोचलो. काकूने भाकरतुकडा ओवाळून टाकला, काकांनी लेकीला उचलून घेतलं आणि कंबर धरून लगेच खाली ठेवलं. मला म्हणाले, "भवाने, वाळून काटकी झालीस की गं. तिकडं खायला देत न्हाईत का?" लहानपणापासून मी त्यांची भवानीच. ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशीपासून मात्र काका बदलत गेले. आधी भवानी गेली. मग 'तू' गेलं. "तुमी जेवलात का?" "तुमाला अंघोळीला पाणी काढलंय." जेवताना माझ्या ताटात तूप वाढत राहायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. मला राग यायला लागला. एवढ्या लांबून यायचं आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसायचं? मी नवऱ्याला म्हटलं, "तू काही बोललास का त्यांना?" तो म्हणाला, "मी कशाला बोलू? मी तर सकाळी चालायला जातो आणि तुझ्या काकूच्या हातचं खातो." हे मात्र खरं होतं.

येळवशीच्या आदल्या दुपारी काकू आणि मी भज्जीसाठी शेंगा सोलत बसलो होतो. पुढ्यात तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगांचे ढीग. काकूचे हात भराभर चालत होते, माझे चालल्यासारखे करत होते. मधेच ती थांबली.

"एक इचारू का माय? राग येऊ देऊ नको."

"विचार की."

"जावई रोज सकाळी शेत मोजून राहिलेत म्हणं. मोबाईलात."

मला हसू फुटलं. काकूला नाही फुटलं.

मग सगळा उलगडा झाला. नवरा अस्सल पुणेकर. गावातल्या रस्त्यावर कुत्री मागे लागली, म्हणून याने आमच्या शेताचा बांध धरला. रोज पहाटे चारी बाजूंनी फेऱ्या. हातात मोबाईल, आणि तो मोबाईल दर थोड्या वेळाने इंग्रजीत मोठ्याने बोलतो, किती अंतर झालं ते सांगतो. शेजारच्या शेतात राखणीला बसलेल्या माणसाने ते पाहिलं आणि ऐकलं. माणूस बांधावरून फिरतो, कोपऱ्यावर थांबतो, मशीन आकडे सांगतं. यातून त्याने जे ओळखायचं ते ओळखलं. पारावर बातमी गेली आणि पारावरून काकांकडे.

"ह्यांला दोन दिवसापासून घास जाईना झालाय," काकू म्हणाली. "तुमचं हाय, तुमी घ्या, त्याला आमची ना न्हाई. पर इहिरीकडचं गेलं तर आमाला माळ उरतो. माळावर काय पिकतंय? ह्या वयात कुठं जावं?"

तिचे डोळे भरले. मी हातातल्या शेंगा तशाच टाकून ओसरीवर गेले. समोर अंगणात काका बैलांच्या गळ्यात नव्या घुंगरमाळा बांधत होते. मी तोंड उघडते तोच त्यांनी हात वर केला.

"सणाच्या तोंडावर वाटणीचं बोलणं नको. तुमचं जे हाय ते तुमचंच हाय. सण होऊ द्या."

"अहो काका, पण ऐका तर..."

"सण होऊ द्या," असं म्हणून ते बैलांना पाण्यावर घेऊन गेले. मी ओसरीत एकटीच चरफडत उभी राहिले. आमच्या घरात हट्ट कुणाकडून आला ते शोधायला लांब जायला नको.

येळवशीला काका कडब्याची गाडी घेऊन उजाडताच शेतात गेले. मागून आम्ही निघालो. काकूच्या डोक्यावर भाकरीची टोपली, लेकीच्या हातात फुलं, नवऱ्याकडे भज्जीचं पातेलं. आंबिलीची मडकी, म्हणजे बिंदगी, या वेळी दोन होती. पाहुणे वाढले म्हणून दोन केली असतील, असं मला वाटलं.

बांधावर चढले आणि माझे पाय थांबले. शेतात दोन कोपी उभ्या होत्या.

एक वरच्या अंगाला, माळाकडे. दुसरी खाली, विहिरीजवळ, काळ्या रानात, गुडघ्याएवढ्या हरभऱ्याच्या हिरव्या पट्ट्याला लागून. एका शेतात कोप एकच असते. वाटणी झाली की दुसरी उभी राहते, ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या रानात. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काकांनी भांडण केलं नाही, तलाठ्याकडे गेले नाहीत, कुणाला मध्ये घातलं नाही. पहाटे उठून चांगलं रान मला देऊन टाकलं आणि स्वतः माळावर जाऊन उभे राहिले.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ती खालची कोप आवडली. विहीर, तिच्यावरचं लिंबाचं झाड, बाबा जिथे पाय सोडून बसायचे तो काठ. हे माझं, असं मनात आलं आणि बरंही वाटलं. मग मी वर पाहिलं. काका माळावरच्या कोपीवर शाल बांधत होते. शाल केव्हाच बांधून झालेली होती, तरी तिची गाठ सोडून परत बांधत होते.

मी चपला काढल्या आणि खालच्या कोपीत वाकून शिरले. आत पाचही दगड ओळीने मांडलेले, चुना अजून ओला. अजून पूजा झाली नव्हती. मी पाचही ओढणीत घेतले आणि ढेकळं तुडवत वर निघाले.

"काय करून राहिल्यात तुमी?" काका ओरडले.

"देव उचलून राहिलेय," मी म्हटलं. मला दम लागला होता आणि रागही आला होता. "काका, बाबांच्या जागी माझं नाव लागलंय, ते राहू द्या. ते मी काढणार नाही. पण हे शेत तुम्ही कसायचं, सगळं. वाटणी करायची नाही आणि विकायचं तर नावच काढायचं नाही. आणि तो," मी नवऱ्याकडे बोट दाखवलं, "तो शेत मोजत नाही. त्याला चालायची खोड आहे. कुत्र्यांना घाबरतो म्हणून बांधावरून चालतो."

नवरा पातेलं धरून उभा होता. त्याला आत्ता कुठे उजेड पडत होता. कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "काका, हवं तर मोबाईल बघा."

मी वरच्या कोपीत गुडघ्यावर बसून दगड मांडले. आता ते दहा झाले. लेकीने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"आई, पांडव पाच असतात ना?"

काका खाली बसले. मग तिला म्हणाले, "पाच आमचे, पाच तुज्या आज्याचे. दोगं भाऊ एकत्र बसलेत."

काकूने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच नैवेद्याची घाई करायला लागली. काका उठले, खाली गेले, विहिरीजवळची कोप स्वतःच्या हातांनी मोकळी केली आणि तिचा कडबा बैलांपुढे टाकला. बैलांनी लगेच तोंड घातलं.

पूजेनंतर आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची असते. बिंदगं घरच्या कर्त्या माणसाने घ्यायचं. काकांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर टाकली. वर बिंदगं दिलं.

"चला जावईबापू, म्होरं व्हा. बांध तुमाला पाठ हाय."

काकू पदराआड हसली. नवरा निघाला, मागे काका लिंबाच्या डहाळीने आंबील शिंपडत, "ओलगे ओलगे सालम पलगे" असं ओरडत. त्या शब्दांचा अर्थ आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही, पण लेकीने पहिल्याच दमात ते उचलले आणि त्यांच्याहून मोठ्याने ओरडायला लागली. पहिला कोपरा वळतोय तोच नवऱ्याच्या खिशातला मोबाईल बोलला. काका थबकले.

"काय म्हणालं ते?"

"अजून लई चालायचंय म्हणतंय," नवरा म्हणाला. 'लई' तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल.

काका पोट धरून हसले. मी मात्र विहिरीजवळच थांबले होते. तिथे बाबा असायला हवे होते, आणि मला रडू आवरत नव्हतं. फेरी पुढे गेली. पलीकडच्या बांधावरून काकांनी मागे वळून पाहिलं आणि शेतभर ऐकू जाईल असा आवाज दिला.

"ए भवाने, मागं काय राहिलीस? ये की!"