डिंकीला मारलेली हाक

डिंकीची आई जॅक रसेल जातीची कुत्री. बाप कोण, ते मागच्या कुंपणालाच ठाऊक. पाय वीतभर, एक कान उभा, एक कायमचा पडलेला, आणि तोंड एवढंसं, की टेनिसचा चेंडू धरताना डोळे बाहेर यायचे. पण या कुत्रीनं एल्डन मिल्स गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांना नऊ वर्षं फ्लायबॉलच्या नादी लावलं.

खेळ सोपा आहे. एका संघात चार कुत्री. प्रत्येकानं चार अडथळे ओलांडत जाऊन पलीकडच्या पेटीवर झेप घ्यायची, त्यातून उडालेला चेंडू तोंडात झेलायचा आणि तसंच उड्या मारत परत यायचं. ते आलं की पुढचं सुटतं. अडथळ्यांची उंची मात्र संघातल्या सगळ्यांत बुटक्या कुत्र्यावरून ठरते. डिंकीमुळे बाकीच्या तीन धिप्पाड कुत्र्यांना उड्या मारायचे कष्टच नव्हते, नुसतं धावायचं. म्हणून त्यांच्या मालकांनी तिला तळहातावरच्या फोडासारखी जपली होती.

कुत्रं चेंडू घेऊन वळलं की मालकानं गळा काढून त्याला बोलवायचं आणि स्वतः उलट्या दिशेनं पळत सुटायचं. डिंकीसाठी हे काम तिची मालकीण ग्लेंडा टॅकाबेरीचं; हातात फडकवायला घरातला ओव्हनचा हातमोजा असायचा. तिनं हाक मारली की शर्यती भरायच्या त्या हॉकीच्या बंदिस्त मैदानाचं पत्र्याचं छप्पर थरथरायचं. तिचा नवरा लॉर्न थर्मास धरून कडेला उभा असायचा. गावातल्या मयतांची व्यवस्था बघणाऱ्या घराण्यातली त्याची तिसरी पिढी. चाळीस वर्षं "या, इकडून या" असं मऊ आवाजात म्हणता म्हणता त्याचा आवाजच तसा होऊन गेला होता. "घरात ओरडणारं एक माणूस पुरे," असं तो म्हणायचा, आणि ते बरोबरच होतं.

मे महिन्यात ग्लेंडाच्या घशाचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं. डिंकीची शेवटची शर्यत नेमकी चौथ्या आठवड्यात. अकरा वर्षांची झाली होती ती. त्यानंतर तिला विश्रांती द्यायचं ठरलं होतं. ती धावली नाही तर संघात उरणार तीन कुत्री, आणि तिघांना मैदानात घेत नाहीत. म्हणजे म्हातारीची नऊ वर्षं पिंजऱ्यात बसून संपायची.

ग्लेंडानं पाटीवर लिहिलं, "तू ओरड."

"मी?" लॉर्न म्हणाला. तेही हळूच.

सरावाला आधी संघाची कॅप्टन जोअॅन हिनं ओरडून पाहिलं. डिंकी चेंडू धरून जागची हलली नाही. ती परक्या माणसाकडे धावणारी नव्हती. मग लॉर्न पुढे झाला नि म्हणाला, "ये गं, ये. सावकाश ये." डिंकी पंजांवर डोकं टेकून झोपली.

"लॉर्न," जोअॅन म्हणाली, "तू तिला बोलावतोयस की पोचवतोयस?"

"प्रयत्न करतोय ना बाई."

"मग जिवंत माणसासारखा कर!"

तेव्हापासून तो मयताच्या गाडीत काचा लावून ओरडायची तालीम करू लागला. औषधवाल्याच्या बायकोनं त्याला रिकाम्या गाडीत आ वासून बसलेला पाहिला आणि बिचारा आतून खचलाय असं गावभर केलं. दोन घरांतून सांत्वनाला सफरचंद भरून भाजलेला अॅपल-पाय आला. लॉर्ननं तो निमूटपणे खाल्ला.

शर्यतीच्या दिवशी बाकांवर बसलेल्या निम्म्या लोकांची माणसं त्यानं पोचवलेली होती. यांच्यासमोर ओरडायचं म्हणजे देवळात शिट्टी मारण्यासारखं. तीन कुत्री बाणासारखी जाऊन आली, मग डिंकी सुटली. तिनं पेटीवर झेप घेतली, चेंडू धरला, वळली, आणि थांबली. तिचे डोळे ग्लेंडाला शोधत होते. ग्लेंडा बाकावर तोंडावर हात दाबून बसली होती. दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींना हुडकतायत, आणि मधे आपण थर्माससारखे उभे. लॉर्नला स्वतःची लाज वाटली.

"डिंकीऽऽ!"

आवाज फाटला. कॉफीवाल्याचा कप भरून वाहिला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"बाबाचं पिल्लू कुठंय? पळ गं माझे बाई! पळ, पळ, पळ!"

आणि टॅकाबेरी घराण्याचा वारस ग्लेंडाचा ओव्हनचा हातमोजा फडकवत, कोटाची टोकं उडवत पळत सुटला. डिंकीचा पडका कान आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिला. चारही अडथळे तिनं ओलांडले आणि चेंडूसकट लॉर्नच्या छातीवर आदळली.

वाटेत थांबल्यामुळे शर्यत हरली होती. पण टाळ्या वाजत होत्या त्या त्यांच्यासाठीच, आणि जिंकलेल्या संघाचे लोकही उभे राहून वाजवत होते. जोअॅन तर रडतच होती. लॉर्नला इतका आनंद झाला होता, की कोणाशी हळू बोलायचं तेच त्याला सुचेना.

बाहेर गाडीपाशी ग्लेंडानं पाटी पुढे केली. "चाळीस वर्षांत मला कधी अशी हाक मारली नाहीस."

"आत्ता? इथं? लोक आहेत गं."

तिनं खडूनं पाटीवर टकटक केलं.

लॉर्ननं थर्मास गाडीच्या टपावर ठेवला, कोट सारखा केला आणि छाती भरून ओरडला, "ग्लेंऽऽडा!"

पटांगणातली माणसं वळली, सगळी कुत्री भुंकायला लागली. ग्लेंडा आवाज न करता हसत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मागच्या सीटवर झोपलेली डिंकी खडबडून उठली, तिनं चेंडू तोंडात धरून खाली उडी मारली आणि तो नेऊन ग्लेंडाच्या पायाशी ठेवला.