उलट्या वाराचा निकाल

बाळांनो, परवा फोनवर खेळातला तुमचा वाद कानावर आला. शत्रूच्या घावाने आपला योद्धा कोसळला, तर पडता पडता त्याला उलटा वार करता येतो का? तुम्ही हसत होतात. मी मात्र फोन खाली ठेवला. हाच प्रश्न मला एकदा आपल्या ओसरीवर विचारला गेला होता, म्हणून आज ही तुमची आजी लिहायला बसली.

दिंद्रुडजवळच्या आपल्या गावात तेव्हा सलग दुसरा दुष्काळ होता. सोसायटीच्या निवडणुकीत आपलं घर एका पॅनलमध्ये, तुमच्या चुलतआजोबांचं दुसऱ्यात. दोन्ही घरांचं बोलणं बंद. फक्त तुमचे बाबा आणि त्यांचा चुलत भाऊ दुपारी एकत्र बसत. बाबांनी पुण्याच्या वसतिगृहातून या खेळाचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं. प्रत्येकाने एक योद्धा व्हायचं आणि फासा टाकून लढायचं. वाद झाला की अर्थ लावायला मी, कारण गावात इंग्रजी शिकवणारी मीच.

पाण्याच्या टँकरवर गावाचा एक रिवाज होता. ज्याची पाळी कुणी हुकवली, त्याची घागर आधी भरायची. त्या सकाळी रेटारेटीत बाबांनी चुलत भावाची भरलेली घागर लवंडवली आणि ते स्वतःची भरून घेऊन सरळ घरी आले. आपल्या पॅनलची माणसं बघून हसली.

दुपारी तो चुलत भाऊ आला. त्याची टोळी ऊसतोडीला निघायची होती. धार लावलेला कोयता त्याने मांडीशी ठेवला. सकाळचा विषय कुणीच काढला नाही. खेळात बाबांच्या योद्ध्याने त्याच्या योद्ध्याला पाडलं.

"उलटा वार," तो म्हणाला. "काकू, पुस्तक काय म्हणतंय?"

"मेलेला कसा मारील बे?" बाबा हसले.

"तू गप. काकूला इचारलंय."

पडत्या योद्ध्याबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं. मी पान पुन्हा वाचलं. अक्षरं दिसेनात, कोयता दिसत होता. नाही म्हटलं, तर एकाच दिवसात दुसऱ्यांदा त्याची पाळी हुकणार होती.

"टँकरचा रिवाज लावू," मी म्हणाले. "तुझी पाळी आधी. टाक फासा."

"आई, असं कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. म्हणून मी सांगते."

त्याने फासा टाकला. एक पडला. वार फुकट गेला. त्याचा हात खाली गेला आणि कोयत्याच्या मुठीवर थांबला.

बाबांचं हसू मावळलं. ते उठले, आत गेले आणि सकाळची घागर आणून त्याच्यापुढे ठेवली.

"घे. तुझी पाळी."

त्याने घागरीत डोकावून पाहिलं.

"अर्धीच हाय की बे."

"आईनं डाळ शिजवली त्यातनं."

"मंग काकू, डाळबी वाढा."

तो जेवला. खांद्यावर घागर आणि हातात कोयता घेऊन गेला.

तो फासा माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. घागर त्यांच्याकडेच राहिली. त्या दुपारनंतरही तुमचे बाबा आहेत, आणि तो चुलत भाऊ, तुमचे काकाही आहेत.