मुठ्याचा सेंटर, पुण्याचा सेंटर

सहा फूट दोन इंच उंची पुण्यात कौतुकाची असेल, आमच्या भरे गावात ती अडचण होती. दाराच्या चौकटीला कपाळ आपटायचं आणि भात लावताना इतरांच्या दुप्पट वाकावं लागायचं. त्यातून मला एका जागी बसवत नसे. जेवतानासुद्धा गुडघा हलत राहायचा. आई वैतागून म्हणायची, "बस की रं जरा. भवरा हायेस का?"

त्या उंचीचा पहिला उपयोग कॉलेजात झाला. साठच्या आसपासची गोष्ट आहे. आठवडाभर मी पुण्यात एका खोलीत तिघांबरोबर राहायचो आणि शनिवारी सायकल काढून भूगाववरून, पिरंगुटवरून घरी यायचो. पहिल्याच महिन्यात बास्केटबॉलच्या सरांनी मला मैदानाबाहेरून हाक मारली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "उद्या सकाळी सहाला ये. तू सेंटर."

सेंटर म्हणजे रिंगजवळ खेळणारा, संघातला सगळ्यात उंच गडी. सर स्वतः आपल्या काळातले नामांकित सेंटर होते. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आत असतील. दिवसा सरकारी कचेरीत नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ मैदान, असा त्यांचा दिवस. अंगाने सडपातळ, बोलणं मोजकं, आणि खिशात कायम खडू. त्या खडूने ते जमिनीवर पावलांच्या खुणा काढून द्यायचे. डावं इथे, उजवं इथे, आता फिर.

त्यांचा सगळा खेळ पाठीचा. रिंगकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागच्या माणसाचा भार पाठीवर घ्यायचा. तो डावीकडे झुकला की उजवीकडे वळायचं आणि हात डोक्यावरून कमानीसारखा नेऊन चेंडू सोडायचा. त्याला हूक म्हणत. "डोळ्यांनी बघू नकोस," सर सांगायचे, "पाठीने बघ." ते स्वतः करून दाखवायचे तेव्हा घाई नावाला नसे. चेंडू जाळीत पडल्यावरही ते रिंगकडे बघत नसत, त्यांना माहीत असायचं.

मला मात्र ते जमेना. एक तर नियम बदलले होते. सरांच्या काळात रिंगखालचा पट्टा अरुंद होता, सेंटरला रिंगपासून दोन पावलांवर ठाण मांडता यायचं. आता तो पट्टा खाली चांगलाच रुंद झाला होता आणि त्याच्या आत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की शिट्टी. म्हणजे थांबायचं लांब आणि हूक टाकायचा लांबून. माझे हूक बोर्डावर थडाथड आपटून परत यायचे. पण खरी अडचण माझी होती. मागे कोण काय करतंय हे न बघता उभं राहणं मला सोसत नव्हतं. तीन सेकंद म्हणजे तीन तास वाटायचे.

एकदा असाच हूक चुकल्यावर सर कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "मला आयुष्यात एकाच माणसाने रोखलंय. पलटणीतला हवालदार होता. तुमच्याच बाजूचा, मुठा गावचा. माझ्या आधीच्या पिढीचा. त्यांच्या वेळी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मधोमध आणून उडवायचे, आणि दोन्हीकडच्या सेंटरनी त्यासाठी उडी मारायची. एका सामन्यात चाळीस-चाळीस उड्या. त्यातच घडलेला माणूस तो."

"खेळ कसा होता त्यांचा?"

सरांनी खडू हातातल्या हातात फिरवला. "खेळ कसला? नुसती उडी."

त्यांनी ते तुच्छतेने म्हटलं, पण चेहरा तसा नव्हता. त्या शनिवारी मी पिरंगुटहून घराकडे वळलोच नाही. उरवड्याच्या रस्त्याने, घाटात सायकल ढकलत, मुठ्याला गेलो.

हवालदार खळ्याजवळ पेंढ्याची गंजी रचत होते. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, उंची माझ्याहून दोन बोटं कमी. गावात सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तेच म्हणालो. कोण, कुठला, कशाला आलो ते सांगितलं.

"मास्तरनं धाडलं व्हय?"

"न्हाई, मीच आलोय."

"काय म्हनला माझ्याबद्दल?"

मी जरा चाचरलो. मग खरं ते सांगितलं, "म्हणाले, नुसती उडी."

तात्या मोठ्याने हसले. "बराबर बोलला. पर कुटली उडी त्ये न्हाई सांगितलं." त्यांनी पेंढ्याची एक जुडी सुतळीने आंब्याच्या फांदीला टांगली. "लाव हात."

मी उडी मारून हात लावला. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"आता पुन्हा."

मी गुडघे वाकवले तसे ते ओरडले, "वाकलास कशाला? पाय टेकल्याबरूबर वर जायाचं! पैली उडी समदेच मारत्यात, गड्या. चेंडू बोर्डावर आपटून खाली येतुया तवा समदे जमिनीवर असत्यात. तवा जो दुसऱ्यांदा वर असंल, चेंडू त्याचा."

त्या दुपारी मी पोटऱ्या भरून येईपर्यंत उड्या मारल्या. चेंडू कवटाळायचा नाही, बोटांनी नुसता टोलवून आपल्या माणसाकडे द्यायचा, हेही त्यांनीच सांगितलं. निघताना मी विचारलं, "आणि सरांचा खेळ कसा होता, तात्या?"

ते गंजीला टेकून उभे राहिले. "त्याच्या पाठीला डोळं हायेत. मी आदी उडायचो, त्यो थांबायचा. मी खाली येतुया तवर चेंडू आत. लई शांत मानूस. तेवढं शांत ऱ्हानं मला कदी जमलं न्हाई."

मलाही जमत नव्हतं, म्हणून मला तात्या जवळचे वाटले. सहा-सात शनिवार मी मुठ्याला गेलो. सोमवारी सकाळी पुन्हा सरांच्या खडूच्या खुणांवर उभा. एक सांगे टाचा टेकव, दुसरा सांगे टाचा टेकवलीस तर मेलास. एक सांगे वाट बघ, दुसरा सांगे वाट बघणारा हरतो. वहीच्या मागच्या पानावर मी दोघांची तुलना लिहायला घ्यायचो आणि खोडायचो. दोघांतला मोठा कोण हे एकदा ठरलं की आपण कसं खेळायचं हेही ठरेल, असं मला तेव्हा वाटत होतं. सर एकदा म्हणाले, "पाठ हलतेय तुझी. काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही. मुठ्याचं मी त्यांच्यापासून लपवलं होतं.

विद्यापीठाच्या संघाची निवड एका सामन्यावरून व्हायची होती. मी तात्यांना या म्हटलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. सामना सुरू झाला आणि पाहतो तर मैदानाच्या कडेला तात्यांचा पांढरा फेटा.

समोरच्या संघाचा सेंटर माझ्याहून चार बोटं बुटका होता. मला बरं वाटलं. पण तो रिंगखाली आलाच नाही. तो लांब उभा राहायचा, रिंगकडे तोंड करून, चेंडू दोन्ही हातांत धरून. मी पुढे गेलो की बगलेतून निसटायचा, मागे राहिलो की तिथूनच चेंडू टाकायचा. असा सेंटर मी पाहिलाच नव्हता. त्याने खांदा हलवून हूल दिली, कडेवरून आवाज आला, "उड!" मी उडालो, आणि तो माझ्या खालून निघून गेला. पुढच्या वेळी मी टाचा रोवून उभा राहिलो, तर त्याने माझ्या डोक्यावरून शांतपणे चेंडू जाळीत टाकला.

चेंडू आमच्याकडे असताना तर त्याहून वाईट झालं. मी रिंगकडे पाठ करून चेंडूची वाट बघत होतो. सरांना जशी आवडते तशी पाठ ताठ होती. पुन्हा तोच आवाज आला, "हाल की!" मी अर्धवट वळलो. त्याच क्षणी आलेला पास माझ्या खांद्यावर आपटला आणि मैदानाबाहेर गेला. लोक हसले. सरांनी हात वर केला आणि मला बाहेर काढलं.

मी बाकावर येऊन बसलो तेवढ्यात तात्या तिथे आले. "मास्तर, वळखलं का?"

सर ताडकन उभे राहिले. "हवालदारसाहेब!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तात्यांकडे पाहिलं. "म्हणजे हा शनिवारी..."

"व्हय, माझ्याकडं येत हुता."

माझे कान तापले. सर रागावतील म्हणून मी मान खाली घातली. ते इतकंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मीही आलो असतो."

उरलेला सामना दोघांनी शेजारी बसून पाहिला. मी होतो त्याच बाकावर, पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांचं लक्ष त्या बुटक्या सेंटरवर.

"ह्याला तुमी कसा आडवला असता?" तात्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "तो माझ्या पाठीला लागलाच नसता. मला कळलंच नसतं तो कुठे आहे ते."

"आन मी उडून उडून थकलो असतो. त्यो खालीच हाय."

सामना आम्ही हरलो. लोक पांगले. तात्यांनी फेटा काढून बाकावर ठेवला, वहाणा काढल्या आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "या, मास्तर. एक डाव."

"अहो, वय काय आपलं?"

"माजं तुमच्यापरीस जास्तच हाय."

सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. चेंडू मी उडवायचा होता. चष्मा खिशात ठेवला आणि चेंडू वर फेकला, तो जरा तिरकाच गेला. तात्या वर गेले. धोतर नेसलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस इतका वर गेलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी बोटांनी चेंडू डावीकडे मागे टोलवला, अगदी नेमका. पण तिथे कुणीच नव्हतं. पलटणीतला त्यांचा जोडीदार तिथे उभा असायचा, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं.

सर धावत जाऊन चेंडू घेऊन आले. रिंगकडे पाठ केली. तात्या मागे भिडले. सर थांबले. तात्या उडाले, सर थांबलेलेच. तात्यांचे पाय टेकले आणि सरांचा हात कमानीसारखा वर निघाला, तोच तात्या दुसऱ्यांदा वर. चेंडू रिंगवर आपटून बाहेर पडला.

"फाउल," सर म्हणाले.

"कुटं?"

"मनगटावर."

"तवाबी ह्येच म्हनत हुता तुमी!"

दोघंही धापा टाकत माझ्याकडे वळले. मी पंच होतो. आणि मी तर त्या वेळी तात्यांच्या पायांकडे बघत होतो, टाचा टेकतात की नाही ते.

"मला दिसलं नाही," मी म्हणालो.

"दिसलं नाही?" सर कडाडले. सर कधी आवाज चढवत नसत.

"मग बगत काय हुतास?" तात्यांनी विचारलं.

सामन्यात मी इतका चुकलो तेव्हा दोघांतलं कुणीही मला असं बोललं नव्हतं.

निवडीच्या यादीत माझं नाव नव्हतं. त्या बुटक्या सेंटरचं होतं. पंधरा दिवस मी चेंडूला हात लावला नाही. वर्गात बसवेना, घरी बसवेना, सायकल घेऊन उगाच पौडपर्यंत जाऊन परत यायचो. सोळाव्या दिवशी त्या सेंटरच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो आणि त्याला म्हटलं, "मला तुझ्यासमोर खेळू दे." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कशाला?" मी म्हटलं, "तू काय करतोस ते मला कळत नाही." तो हसला आणि चेंडू माझ्याकडे फेकला.

तिथे मी रिंगकडे तोंड करून खेळायला शिकलो. मागे कोण आहे याची धास्ती संपली आणि पायांनाही हलायला मोकळीक मिळाली. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या संघात मी त्याचा बदली खेळाडू म्हणून गेलो. सहा सामन्यांत मिळून अर्धा तासही खेळलो नसेन. सर म्हणाले, "माझं यात काही दिसत नाही." तात्या म्हणाले, "माजंबी न्हाई." बोलणं तेवढ्यावरच थांबलं. मला मात्र ते वर्षभर टोचत राहिलं.

त्या दोघांचं मात्र मेतकूट जमलं. उन्हाळ्यात सर एस.टी.ने मुठ्याला जायला लागले. एकदा मी गेलो तेव्हा दोघं आंब्याखाली बसले होते. सरांनी काटकीने मातीत जुना अरुंद पट्टा आखला होता, तात्यांनी त्यावर खडे मांडले होते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या एका सामन्यातला एकेक डाव ते पुन्हा लावत होते.

"बस," सर म्हणाले.

मी बसलो. तात्यांनी एक खडा उचलून पुढे ठेवला, सरांनी तो परत मागे सरकवला. मला हाताने खूण करून दोघं एकदमच म्हणाले, "तू सांग." मी तात्यांच्या बाजूने बोललो. घरात पाणी प्यायला म्हणून उठलो आणि परत येईपर्यंत मला सरांचं पटलं होतं.